मुलीकडचा फेरइचार

मोडायला आलेला संसार जोडायचा असेल तर हनुमंतदादाला बोलवा, असं शेवगावपासून खर्ड्यापर्यंत कुणीही सांगितलं असतं. तो ना वकील, ना पुढारी. चार एकर जिराईत आणि चालणारं तोंड, एवढीच त्याची इस्टेट. पण बैठकीत मांडी घालून बसला की भल्याभल्यांचा पीळ सुटायचा. सकाळी रडत माहेरी आलेली पोर दुपारच्या चहानंतर पिशवी घेऊन सासरच्या जीपमध्ये बसलेली असायची आणि लोक म्हणायचे, दादाच्या जिभेवर साखर आहे.

त्याचा एक ठेवणीतला शब्द होता, फेरइचार. तहसील कचेरीत कुठल्याशा अर्जावर त्यानं तो वाचला आणि आवडला म्हणून उचलला. आपल्याकडं मन बदलणाऱ्याला काय म्हणतात ते ठाऊकच आहे. शब्द फिरवला, पलटी मारली, थुंकलेलं चाटलं. धड बोलायची सोयच नाही. फेरइचार म्हटलं की कसं, कुणाची मान खाली जात नाही, सरकारी काम वाटतं. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत हा शब्द दादानं फक्त मुलीकडच्यांनाच वाटला होता. मुलाकडच्यांनाही तो द्यायचा असतो हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. लोकांच्याही आलं नव्हतं, म्हणून एकट्या त्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

आणि मग त्याचीच निकिता घरी आली.

तिला श्रीरामपूरकडं दिलं होतं, बागायतदारांत. आपल्या कोरड्या मुलखातली पोर पाटाच्या पाण्यावर पडली म्हणून दादा वर्षभर छाती काढून हिंडला होता. ती आली ती डाव्या कानात कापूस घालून. सासूला उलटून बोलली म्हणून नवऱ्यानं कानाखाली ठेवून दिली होती. डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, पडदा फाटलाय, या कानानं आता जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही. तिच्या आईनं, भीमानं, तोंडात पदर कोंबला. दादाच्या मनात पहिलं काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवं. त्याच्या मनात आलं, लोक काय म्हणतील. जगाचे संसार जोडणारा आणि याच्याच घरात मोडला!

निकितानं बापाला एवढंच सांगितलं, "दादा, मला परत धाडू नका. बाकी तुमी म्हनाल ते करते." दादा म्हणाला, बैठक तर होऊ दे. आणि सासरी निरोपही त्यानंच धाडला.

रविवारी अंगणात सतरंजी पडली. सासरकडच्यांनी बोलायला रविराजला आणलं होतं. हा रविराज म्हणजे दादाच्याच हाताखाली तयार झालेला गडी, दोन वर्षं त्याच्या मागं बैठकी करत हिंडलेला. त्यानं आधी पाणी मागितलं, मग पिकापाण्याचं काढलं, मग म्हणाला, भांड्याला भांडं लागायचंच. एखादी चापट कुठल्या घरात बसत नाही? दिल्या घरी सुखी राहावं, त्यातच माहेरची शोभा. सगळं जिथल्या तिथं, दादा बोलायचा तसंच. दादाला आपलेच कपडे दुसऱ्याच्या अंगावर बघितल्यासारखं झालं, आणि ते इतके मळके आहेत हे आजवर दिसलं नव्हतं. जावई तेवढ्या वेळात मोबाईल चाळत बसला होता.

शेवटी निकिताला बाहेर बोलावलं. ती उंबऱ्याशी टेकून बसली. रविराज तिच्या डाव्या हाताला होता. या कामात आवाज हळू ठेवायचा असतो. त्यानं तो ठेवला आणि म्हणाला, "ताई, एकदा फेरइचार करा. येताय न्हवं?"

निकिता भुईकडं बघत बांगडी फिरवत राहिली. रविराज थोडा थांबला, मग हसला. "गप हाय म्हंजी रुकार हाय."

सतरंजीवरच्यांनी सुटकेचा सुस्कारा टाकला. कुणी चहाचं विचारलं. सासऱ्यानं उठायला गुडघ्यावर हात ठेवला. गप म्हणजे रुकार, हा कायदा दादाचाच. त्यावर किती बैठकी उठल्या असतील, किती पोरी अशाच भुईकडं बघत बसल्या असतील. पण आज त्याला दिसलं, ही गप नाही, हिला ऐकूच गेलेलं नाही. तिकडं तिच्या जन्माचा निकाल लागला होता आणि ती अजून प्रश्न यायची वाट बघत बसली होती.

दादा उठला, तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसला आणि मोठ्यानं विचारलं, "पोरी, जातीस का?"

"न्हाई," निकिता म्हणाली.

रविराज गडबडून म्हणाला, दादा, तुमीच तर शिकवलंय, पोरीकडून फेरइचार...

"फेरइचार मी केलाय. आता त्येंनी करावा," दादा म्हणाला.

मग काय, व्हायचा तो तमाशा झाला. दुसऱ्यांच्या पोरी बऱ्या धाडता येत होत्या, असं सासरा म्हणाला. शब्द फिरवणारा, दुतोंड्या, सगळं म्हणून झालं, आणि मंडळी चहा न घेता गेली. भीमा येऊन लेकीला चिकटून बसली. वाटेल की दादाला हलकं झालं असेल. कसलं काय! सासरा बोलला ते खरंच होतं ना.

असली बातमी वाऱ्याच्या आधी पोचते. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना दादाचा मोबाईल वाजला. खर्ड्याच्या गोरक्षनाथची लेक अश्विनी होती. दिवाळीआधी दादानंच बैठक करून तिला सासरी धाडलं होतं. गोठ्यामागून बोलत असावी, मागं म्हैस हंबरत होती.

"काका, निकिताला ठेवून घेतली म्हनं तुमी. मग मी पन येऊ का घरी? आप्पांना सांगाल का? त्ये तुमचं ऐकत्यात."

सांगतो, एवढंच दादा म्हणाला, आणि लगेच तिच्या आप्पांना, गोरक्षनाथला, फोन लावला. चुकलं माझं, पोरीला घेऊन या, असं त्यानं सांगितलं. गोरक्षनाथनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या शब्दावर पोर धाडली, दादा. तिची आई त्या दिसापासून माझ्याशी बोलत न्हाई. आनि तुमची सोताची घरी आली तवा तुमाला कळलं व्हय?"

सावरून घ्यायला दादाकडं शंभर वाक्यं होती. काळ बदलला म्हणता आलं असतं. तुमच्या पोरीचे एवढे हाल असतील हे माहीत नव्हतं, असंही म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं, कारण त्यानं विचारलंच नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला. "तवाच कळलं. त्याच्या आदी न्हाई."

मग गोरक्षनाथ म्हणाला, "मी कुठल्या तोंडानं न्यायला जाऊ तिला?"

"तोंड मलाबी न्हाई. सकाळी येतो, संगं जाऊ."

"आनि तिनं इचारलं, तवा धाडलं कशाला, तर?"

फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.