चोवीस मिनिटं

माझी थोरली बहीण रईसाआपा पहाटे, फजरच्या अजानीला वारली. महिनाभर तिचं एकच मागणं होतं. "ताहेर, जीशानचा खांदा लागल्याबिगर मला उचलू नका." तिला मुलगा एकच, तो बंगळूरला.

मी फोन केला. जीशान घाईत म्हणाला, "मामू, नांदेडचं विमान मिळालं. साडेबाराला उतरतो," आणि फोन ठेवला.

नांदेडहून लातूरला यायला किती वेळ लागेल, हे विचारायचं राहिलं. मी गाद्या भरणारा माणूस. साठीनंतर अक्षरं शिकलो, म्हणून लिहिलेल्यावर माझा फार भरवसा. फोनला तोंडी विचारलं, नांदेड विमानतळ ते लातूर विमानतळ. उत्तर आलं, ते बोट ठेवून दोनदा वाचलं : सव्वाशे किलोमीटर, विमानानं चोवीस मिनिटं. लातूरला विमानतळ आहेच, मंत्री उतरतात तेव्हा रस्ता अडवतात. मी मौलानांना सांगून टाकलं, जनाजा दुपारी, जोहरच्या नमाजनंतर. मशिदीच्या भोंग्यावरून तसं ऐलान झालं. हदगावचे, अहमदपूरचे पाहुणे निघाले. कबर खोदून झाली.

पाऊण वाजता जीशानचा फोन आला. "उतरलो मामू. टॅक्सी बघून राहिलो."

"टॅक्सी कशाला? लातूरचं विमान धर की."

"लातूरला इथून विमान जात न्हाई, मामू."

"चोवीस मिनिटं लिहिलंय."

"ते नुसतं अंतर मोजून लिहितात. विमान गेलं असतं तर तेवढी लागली असती."

"मग आता?"

"रस्त्यानं. तीन तास धरा."

मी पायरीवर बसलो. एप्रिलचं ऊन. आपाच्या बाजूला बर्फाच्या लाद्या पाझरत होत्या.

मौलाना म्हणाले, "ऐलान झालंय, ताहेरभाई. मय्यतीला ताटकळत ठेवू नये."

"चूक माझी हाय. मीच सांगतो लोकांना."

जोहरची नमाज झाली. गुडघे धरून सगळ्यांपुढे उभा राहिलो. "मी वाचलं, पण मला समजलं न्हाई. पोरगा रस्त्यात हाय. असरच्या नमाजपर्यंत, पाचपर्यंत थांबा."

मागून आपाचा पुतण्या सद्दाम म्हणाला, "चाचा, तुमचा अंगठाच बरा होता." दोघं-तिघं हसले. मला राग आला नाही.

"असर," मौलाना म्हणाले. "त्यापुढं एक मिनिट न्हाई."

पाहुणे सावली बघून आडवे झाले. मी बर्फ बदलत बसलो. अहमदपूरजवळ टॅक्सीचं टायर फुटलं, असा अडीचला निरोप आला. फोनवरचं ते पान पुन्हा काढलं. चोवीसच लिहिलेलं होतं.

जीशान पावणेपाचला पोचला. बॅगेला विमानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. त्यानं आईचं तोंड पाहिलं, चादर नीट केली.

असरनंतर मशिदीसमोर जनाज्याची नमाज झाली आणि त्यानं पुढचा उजवा खांदा दिला. लोक दहा-दहा पावलांवर खांदा बदलतात. तो बदलेना. मी त्याच्या मागेच होतो.

"दे आता कुणाला तरी," मी म्हणालो.

"न्हाई मामू. राहू द्या."

कब्रस्तानात पोचल्यावर मी सवयीनं घड्याळ पाहिलं. मशिदीपासून वीस मिनिटं लागली होती. ही कुठे लिहिलेली नव्हती.