विम्याच्या आधीची हळद

प्राचीने मार्केताच्या हातातलं चिंबोऱ्यांच्या रश्श्याचं ताट काढून घेतलं आणि तिच्यापुढे वरणभात ठेवला.

"मला खेकडे अत्यंत प्रिय आहेत," मार्केता म्हणाली. तिचं मराठी प्रागमध्ये पुस्तकं वाचून झालेलं होतं.

"उद्या खा. उद्या सकाळपासून मी स्वतः फोडून देईन. आज नाही."

शेजारी बसलेल्या गुणाबाईने कपाळावर हात मारला. गुणाबाई म्हणजे प्राचीची आत्या आणि पंचक्रोशीतली शेवटची धवलारीण. तिने धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, गायल्याशिवाय या भागातल्या जुन्या घरांत हळद लागत नसे.

"अगो प्राचे, पावनी हाय ती, पेशंट नाय! पोरीला जेवू दे."

प्राची कुणाला काय समजावणार? पनवेलच्या विद्यापीठात परदेशी अभ्यासकांचे कागद बघायचं काम तिच्याकडे होतं. व्हिसा, पोलिसांकडची नोंदणी, आरोग्य विमा, सगळं तीच तपासायची. मार्केता धवल्यांवर संशोधन करायला येणार होती. तिचा व्हिसा चोख होता, पण विमा एक मेपासून सुरू होणार होता आणि प्राचीच्या भावाची, मिथुनची हळद तीस एप्रिलला होती. गुणाबाईचा आवाज आता थकला होता. या हळदीनंतर आपण गाणार नाही, असं तिने घरात सांगूनच टाकलं होतं. ते कळल्यावर मार्केता विम्यासाठी कशाला थांबते! ती सरळ विमानात बसली.

गेल्या वर्षी एका पाहुण्या प्राध्यापकांना कोळंबी बाधली होती. विम्याच्या तारखेत घोळ निघाला, कंपनीने हात वर केले आणि प्राचीच्या आधी त्या टेबलावर बसणाऱ्या मुलीचं कंत्राट पुढे वाढलं नाही. म्हणून उपकुलसचिव टिपणीस सरांनी काल प्राचीला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "तुझ्या जबाबदारीवर घेऊन जा. ओरखडासुद्धा उमटता कामा नये. तुझंही कंत्राट जूनमध्येच संपतंय ना?"

त्यामुळे भावाच्या हळदीत प्राची डोळ्यांत तेल घालून फिरत होती. तिने मार्केताला विहिरीकडे जाऊ दिलं नाही, चुलतभाऊ कुंदनदादाच्या मोटरसायकलवर बसू दिलं नाही. मांडवातलं पाणी तर नाहीच, शहाळंसुद्धा आपल्यासमोर सोलायला लावलं. बेंजो सुरू झाला आणि मामा लोक मिथुनला खांद्यावर घेऊन नाचायला लागले, तेव्हा प्राची मार्केता आणि नाचणाऱ्यांच्या मध्ये खुर्ची घेऊन उभी राहिली. तिला मनातून नाचायचं होतं. मिथुनच्या हळदीत नाचायचं म्हणून ती गेलं वर्षभर बोलत होती. पण पाय जागच्या जागी ठेका धरत होते तेवढंच.

"तू नृत्य का करत नाहीस?" मार्केताने विचारलं.

"ड्युटीवर आहे."

ऊन कलल्यावर बेंजो थांबला. गुणाबाई पाटासमोर बसली, नाकातली नथ सारखी केली आणि गायला लागली. मांडव एकदम गप्प झाला. मिथुनच्या अंगाला हळद लागत होती आणि गुणाबाई आजा-पणजांची, मामा-मावश्यांची नावं एकेक करून गाण्यात आणत होती. आलेल्या प्रत्येकाचं नाव धवल्यात घ्यायचं, हा तिचा रिवाज. मग तिने मान वर केली आणि गाण्यातच दर्यापारची पावनी मारकीताबाय मांडवात आणून बसवली.

मार्केताचे डोळे भरून आले. हातातलं ध्वनिमुद्रण यंत्र उंच धरायला ती उठली आणि मागच्या बाकावर चढली. त्या बाकाचा एक पाय गेल्या गणपतीपासून डुगडुगत होता.

"उतर!"

प्राची धावली. पाटाभोवती हळदीचं पाणी सांडून सारवलेली जमीन गुळगुळीत झाली होती. तिचा पाय सटकला, घोटा मुडपला आणि ती थेट मिथुनच्या पुढ्यात जाऊन बसली. मार्केता बाकावरून सावकाश, दोन्ही पायांवर, नीट खाली उतरली.

पुढचं सगळं मार्केताने केलं. प्राचीला खांद्याचा आधार देऊन कुंदनदादाच्या टेम्पोत बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि पनवेलच्या दवाखान्यापर्यंत वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला "क्षमस्व" म्हणत राहिली. कळ मस्तकात जात होती, तरी प्राचीला हसू आवरेना.

काउंटरवरच्या मुलीने दोघींच्या पिवळ्या तोंडांकडे पाहिलं.

"मेडिक्लेम आहे?"

मार्केताने सवयीने पिशवीतून आपला कागद काढला.

"तुमचं नाही मॅडम. पेशंटचं."

"नाही," प्राची म्हणाली.

हा प्रश्न तिने स्वतः केनियातल्या, कोरियातल्या, कुठल्या कुठल्या माणसांना विचारला होता. तिला तो आजवर कुणी विचारला नव्हता. उगीचच लाजल्यासारखं झालं तिला.

"विद्यापीठ तुझा विमा काढत नाही?" मार्केताने विचारलं.

"मी कंत्राटी आहे. पाहुण्यांना लागतो, आम्हाला नाही लागत."

हाड मोडलं होतं. प्लास्टर सुकत असताना फोन वाजला. टिपणीस सर होते.

"काय गं, पाहुण्या ठीक आहेत ना?"

"एकदम ठीक, सर. ओरखडासुद्धा नाही."

"शाब्बास! सकाळपासून जीव टांगणीला लागला होता. म्हणजे काही झालं नाही."

"नाही सर. कुणालाच काही झालं नाही."

"हे असत्य आहे," मार्केता शेजारून मोठ्याने म्हणाली.

प्राचीने डोळे वटारले. मार्केताने तिच्या हातातून फोन अलगद काढून घेतला.

"नमस्कार महोदय. मी मार्केता. आपल्या विद्यापीठाचा एक नियम मला समजून घ्यायचा आहे. माझ्या रक्षणाचं काम करताना आपल्या कर्मचारी स्त्रीचा पाय मोडला आहे. तिचा विमा कोणत्या दिनांकापासून सुरू होतो?"

"ते... फाइल शोधून बघावं लागेल मॅडम," पलीकडून टिपणीस सर म्हणाले.

"शोधा ना. मला घाई नाही. मी सहा महिने इथेच आहे."

बाहेर टेम्पो येऊन थांबल्याचा आवाज आला. मागोमाग मिथुनचा आरडाओरडा, आणि त्याच्याही वर गुणाबाईचा आवाज, "खय हाय माजी पोर?" अख्खी हळद दवाखान्याच्या पायऱ्या चढत होती.

फोन परत घ्यायला प्राचीने हात पुढे केला. तो कोपरापर्यंत पिवळाधमक होता. क्षणभर तो तसाच हवेत राहिला. मग तिने तो मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि प्लास्टर न लागलेल्या पायाने हळूहळू ठेका धरला.