खड्ड्याचं पाणी

उज्माचा निकाह झाला ते साल दोन हजार चोवीस. ईद आटोपून आठवडा झाला होता, आणि अचलपुरात ऊन असं, की मांडवातल्या लोखंडी खुर्च्यांना हात लावता येईना. नवरीचे अब्बा जहीर शेख सगळा वेळ कूलरसमोर बसून होते. त्यांना धाप लागत होती. पाहुण्यांना वाटलं, लेक चालली म्हणून जीव भरून आला. थोरली लेक अकीला काय ते समजली; पण दुसऱ्या दिवशी तिला अकोल्याला कामावर हजर व्हायचं होतं.

काम मोठं नाजूक. अकोल्याच्या एमआयडीसीत कमलाकांत साहेबांनी टीव्ही-मोबाइलच्या पडद्याच्या काचा बनवायचा छोटा कारखाना काढला होता. केसाहून बारीक अशा, वीज मिळाली की उजळणाऱ्या दिव्याच्या काड्या पातळ शाईत तरंगत ठेवायच्या, त्या शाईचा थेंब काचेवर सोडायचा, आणि काचेवरच्या दोन तारांना हेलकावे खाणारी वीज द्यायची. त्या विजेने एकूणएक काडी वळून दोन तारांवर आडवी निजते. मग शाई वाळवायची. वाळली की काडी बसली ती बसली. विजेत जरा खरखर मिसळली, तर काड्या वाकड्या पडतात आणि पडद्यावर काळे डाग उमटतात.

शेजारी दाल मिल. तिच्या मोटरी सुरू झाल्या की खरखर यायचीच. म्हणून साहेबांनी तांब्याच्या जाळीची खोली करून घेतली होती. भिंती, छत, दार, खिडकीची काचसुद्धा जाळीची. दार लावलं की मोबाइल मुका. जाळीने अडवलेली खरखर एका जाड पट्टीने बाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उतरायची. चौकीदार नत्थुजींनी पहिल्या दिवशी दाराला कान लावून पाहिला होता. म्हणाले, "तुमी खरखर खरखर करता, मले तं मिलच ऐकू येऊन राह्यली."

मे महिना लागला आणि खोली असूनही खरखर परत आली. यंत्रावरची रेघ पाण्यासारखी गुळगुळीत हवी. मिल सुरू झाली की तिला गव्हाच्या ओंबीसारखी कुसं फुटायची. तारा बदलल्या, मशीन बदललं, काही फरक नाही. बुधवारी बाहेरची पार्टी काचा न्यायला येणार होती. अट एकच, एका बैठकीतल्या सलग दहा काचा निर्दोष पाहिजेत. तेवढा स्थिर हात कारखान्यात अकीलाचाच. आणि तिकडे परतवाड्याच्या दवाखान्यात अब्बांच्या नाकाला नळी लागलेली. तिने तीनदा सुट्टी मागितली. साहेब वाईट माणूस नव्हता. दहा काचा निघू दे, मी स्वतःच्या गाडीने तुला पोचवतो, म्हणाला. नाही निघाल्या तर बावीस बायांचं काम जाईल, हे त्याने सांगितलं नाही. ते सगळ्यांनाच माहीत होतं.

मंगळवारी सकाळी दहाला तिने फोन लावला. भाऊ दानियालने तो अब्बांच्या कानाला धरला. अब्बांचा जन्म शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरी नव्या तारेने भरून देण्यात गेला. घरात उर्दू, पण मोटरीचं बोलणं निघालं की ते वऱ्हाडीवर यायचे. रडू येऊ नये म्हणून अकीलाने खरखरीचंच सांगितलं. अब्बांनी दम घेत घेत विचारलं,

"खड्ड्याले पाणी पाजलं का?"

नत्थुजी पूर्वी रोज दोन बादल्या त्या खड्ड्यात ओतायचे. रमजानच्या तोंडावर तिनेच त्यांना थांबवलं होतं. नळ सहा दिवसांनी येतो, बायांना प्यायला पाणी पुरत नाही आणि तुम्ही मातीत कसलं ओतता, असं चारचौघींत बोलली होती. सगळ्यांना ते पटलं होतं.

"मीच बंद केलं, अब्बा."

"काळी माती सुकली का पट्टीले सोडते, बेटा. वीज पोटात घेत नाही. पाणी पाज अन् ये. मी थांबतो."

खड्ड्यावरचं झाकण काढलं तर आत हात जाईल एवढी भेग. प्यायच्या पाण्याचा ड्रम, नत्थुजींचा माठ, बायांच्या बाटल्या, सगळं त्यात गेलं. माती कितीतरी वेळ बुडबुडत पीत होती. अकरा वाजता मिल सुरू झाली. रेघेला कुसं फुटली नाहीत.

साडेअकराला अकीलाने फोन नत्थुजींकडे दिला, आत गेली, दाराची कडी लावली. बाहेर लाल दिवा लागला. एका काचेला बारा मिनिटं. थेंब, वीज, वाळवण. खोलीत वारा नको म्हणून पंखा नाही. घाम पापणीवरून ओघळायचा, आणि हात उचलून पुसायची सोय नाही. दर काच वाळताना ती मनाशी वाट मोजायची: दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा.

सातव्या काचेवर थेंब सोडून तिने सहज मान वर केली. खिडकीबाहेर नत्थुजी उन्हात उभे होते. एका हातात तिचा फोन, दुसऱ्या हातात स्वतःची टोपी. उन्हात ते कधी टोपी काढत नसत.

कडी आतूनच होती. हात लांब केला असता तर पोचला असता. दार उघडलं तर थेंबातल्या काड्या विस्कटणार, पुन्हा पहिलीपासून दहा. नाही उघडलं, तर दहावी काच होईपर्यंत अब्बा थांबलेलेच राहणार होते. तिने मान खाली घातली. हात हलला नाही. हलायला हवा होता, असं तिला पुढे फार दिवस वाटत राहिलं.

दहावी काच वाळली. लाल दिवा विझला. दीड वाजला होता.

"दार वाजवायचं होतं, काका."

"दिवा लाल होता, बाई." नत्थुजींनी फोन तिच्या हातात दिला. "अन् तुमी मले पाह्यलं होतं."

साहेबांची गाडी फाटकाशी तयार उभी होती.

दानियालचा फोन आला तेव्हा आत सहावी काच वाळत होती. जहीर शेख, वय पासष्ट, राहणार अचलपूर, हे १४ मे २०२४ रोजी, मंगळवारी, दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटांनी वारले.