रुमालावरून बसलेला हेडफोन

मित्रांनो, खणात तुटक्या वायरींखाली पडलेला हा जुना हेडफोन म्हणजे मी. कारखान्यातून निघालो तो थेट अनेक देशांनी मिळून उभारलेल्या न्यायालयात आलो. आपल्या देशात दाद मिळाली नाही की माणसे इथे येतात. काचेमागून दुभाषे बोलत आणि मी ते ज्याच्या-त्याच्या भाषेत कानात पोचवी. तेव्हाचा माझा रुबाब काय सांगू!

एकदा धुलाईघरातली मावशी आली. सरकारी इस्पितळाच्या चादरींना तिने वीस वर्षे इस्त्री केली होती. तिच्या धर्माप्रमाणे ती डोक्याला, कानांवरून घट्ट रुमाल बांधी. पुढे गणवेशात टोपी आली. ती रुमालावर बसेना, म्हणून मावशीलाच घरी बसवले. त्यानंतर आठ वर्षांनी तिची सुनावणी लागली.

शिपाई मला घेऊन तिच्याकडे गेला. मीही रुमालावर बसेना. तो सहज म्हणाला, "मावशी, रुमाल काढा ना थोडा वेळ. ऐकू कसं येणार?"

मावशीच्या डोळ्यांत पाणी आले. "अरे बाबा, रुमाल काढायचा असता, तर एवढ्या लांब कशाला आले असते?"

शिपाई ओशाळला. मला गुडघ्यावर धरून त्याने माझी पट्टी चांगली ताणली. माझा जीव कासावीस झाला, पण मी रुमालावरून बसलो. आवाजही नीट पोचला.

न्यायाधीशबाई हे सारे पाहत होत्या. त्यांनी सरकारी वकिलांना विचारले, "मोठी टोपी शिवून पाहिली होती का?"

वकिलांनी बराच वेळ कागद चाळले. "नाही."

काही महिन्यांनी निकाल लागला. मावशी जिंकली! मी तिच्याच कानांवर होतो. तिने आपल्या वकिलांना विचारले, "मग मी कामावर कधी जाऊ?"

वकील खाली बघत म्हणाले, "मावशी, तुमचं निवृत्तीचं वय मागच्याच महिन्यात उलटलं."

तिने मला हळूच उतरवून टेबलावर ठेवले.

मी सैल झालो तो झालोच. पुढे कुणाच्या डोक्यावर टिकेना, म्हणून मला इथे टाकले. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, एक कराल का? कुणाला टोपी बसत नसेल, तर रुमाल काढायला सांगण्याआधी टोपी मोठी करून पाहा. शिपायाला ते दोन मिनिटांत जमले होते. मावशीची आठ वर्षे मात्र एवढ्या मोठ्या न्यायालयालाही परत देता आली नाहीत.