खराब केलेला माणूस

गोजरबाईच्या हातचं खाऊन माणूस सुधारतो, असं अख्खं वरवट बकाल गाव म्हणायचं, आणि त्यात खोटं काही नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून नवऱ्याच्या, भगवानरावांच्या, पायाची जखम भरेना, तेव्हा ती त्यांना घेऊन बेधडक खामगावच्या इंग्रजी दवाखान्यात गेली.

"लघवीतून साखर जाते," पुण्याहून आलेला डॉक्टर म्हणाला. "हे लवकर सुधारले नाहीत तर पाय कापावा लागेल."

साखर जाते तर ती भरून काढायची, यात विचारायचं काय? गोजरबाईनं शिऱ्याची कढई चढवली. भगवानरावांच्या भाकरीवर तुपाची धार वाढली.

पुढच्या खेपेला जखम आणखीच चिघळली होती. डॉक्टर भडकला. "मी यांना सुधारायला सांगितलं होतं."

"सुधारलेच की. सदरा उसवून मोठा केला म्या."

डॉक्टरनं त्या सुटलेल्या पोटाकडे बघितलं, मग कंपाउंडरकडे. "इकडं सुधारणं म्हंजे जाड होणं, साहेब, अन् वाळला तर खराब झाला म्हंतात," कंपाउंडर म्हणाला. मग डॉक्टर म्हणाला, "बाई, याच चरबीनं मधुमेह आणला, आणि त्याच्यापायी जखम भरत नाही. आता यांना खराब करा."

"असं सरळ सांगा ना मंग. करतो खराब."

तूप कुलपात गेलं. ताटात ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, बस्स. जखम सुकल्यावर मळ्यात जायची बैलांची दमणीही तिनं बंद केली, पायीच धाडलं.

दिवाळीला नणंद रुखमाबाई आली आणि भावाला बघून तिनं डोळ्याला पदर लावला. "माया भाऊ किती खराब झाला वं. कोणं केलं असं?"

"म्या," गोजरबाई म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली. "पाय दाखवा तुमच्या बहिणीले."