नाही म्हणणाऱ्याची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मला हात नाहीत आणि बसायलाही मी जरा कडकच आहे. खुर्चीसाठी माणसे भांडतात म्हणे. मित्रांनो, माझ्यावर बसायला लागू नये म्हणून भांडायची.

ब्रश बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. ब्रशच्या मुठी कापून उरलेल्या लाकडातून सुतारकाकांनी मला जोडले. मालकांनी त्याच दिवशी नियम सांगितला, "मोठा निर्णय घ्यायचा असेल तेव्हा एकाने हिच्यावर बसायचं आणि माझ्या बेताला विरोध करायचा. मनात नसला तरी करायचा."

"आणि पगार कापायचा बेत असला तर?" सुतारकाकांनी विचारले.

"तर तुम्हीच बसा, मनापासून कराल."

पण मालकांना तोंडावर नाही म्हणायला कोण धजणार? शेवटी त्यांची धाकटी बहीण बसली. ती ब्रशचे केस जुळवून बांधायची. मालकांचा मुलगा तिला आत्या म्हणे, म्हणून ती सगळ्यांचीच आत्या.

एकदा मालकांना मोठ्या रस्त्यावर दुकान काढायचे होते. आत्या म्हणाली, "दादा, तू तिथे गल्ल्यावर बसलास, तर इथे माल कोण तपासणार?" मालक चिडले नाहीत. एक रात्र थांबले आणि सकाळी बेत सोडून दिला. कधी ते तिचे ऐकत, कधी नाही. पण थांबत मात्र नक्की. रंगाऱ्याला, बेकरीवाल्याला, बाटल्या धुणाऱ्याला, अगदी घड्याळजीलाही त्याच्या कामाजोगा ब्रश आमच्याकडे मिळे. पाहुणे आले की मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "ही आमची सगळ्यात महागाची वस्तू."

मग मालक देवाघरी गेले. मुलाने कारभार हाती घेतला. आत्यावर त्याची फार माया. वडिलांचा नियमही त्याने मोडला नाही. फक्त त्या नियमाची गंमत झाली. "चला, आत्याची नकारघंटा वाजू दे, मग चहा घेऊ," असे तो म्हणे. आत्या बोले, सगळे हसत, चहा येई आणि आधी ठरलेलेच होई.

एके दिवशी रंगाच्या मोठ्या कंपनीचा निरोप आला. "एकाच मापाचा ब्रश, तोही फक्त आमच्यासाठी बनवा. बनवाल तितका घेऊ." म्हणजे बाकीची गिऱ्हाइके सोडायची.

आत्या माझ्यावर बसली. "बाळा, सगळा माल एकाच दारात नेऊन टाकायचा, आणि उद्या त्यांनी दार लावून घेतलं तर? बेकरीवाला, घड्याळजी परत येतील का?"

"आत्या, तू तिथे बसलीस की नाहीच म्हणतेस. नियमच आहे तो."

"आज नियम म्हणून नाही म्हणत रे."

"हेही दर वेळी म्हणतेस."

सगळे हसले. आत्याही थोडी हसली. तिने माझी कड किती घट्ट धरली होती, ते फक्त मला कळत होते. पण मला कोण विचारतो?

सुरुवातीला पैसा बरा आला. मग लोक भिंतींना रोलरने रंग देऊ लागले आणि कंपनीने आमचा ब्रश बंद केला. मुलगा जुन्या गिऱ्हाइकांची दारे हिंडला. त्यांनी पाणी दिले, आत्याची चौकशी केली. पण माल सगळे दुसरीकडून घेत होते. कामगार एकेक करून गेले. सुतारकाका जाताना माझ्या पाठीवर हात फिरवून गेले.

शेवटी मुलगा आत्याला घेऊन रिकाम्या कारखान्यात आला. बाहीने मला पुसून म्हणाला, "आत्या, जागा विकायची म्हणतोय. बस ना. बोल काहीतरी."

आत्या बसली. भिंतीवरच्या मोकळ्या फळ्यांकडे बघत राहिली. "विकून टाक, बाळा."

"असं नको ना करू. एकदा नाही म्हण. मी थांबतो."

"तुला योग्य वाटतंय ना? मग माझी काही हरकत नाही."

तो तिच्या गुडघ्यांवर डोके टेकून रडला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली; पण "नाही" काही म्हणाली नाही. रुसली होती की दमली होती, देव जाणे.

मित्रांनो, तुमच्याही घरात, दुकानात कुणीतरी सारखे आडवे येणारे असेल. त्याची थट्टा करा, पण आधी त्याचे म्हणणे पुरते ऐका. ते माणूस एकदा का "तुझी मर्जी" म्हणू लागले, की मग कितीही विनवा, त्याच्याकडे तुमच्यासाठी शब्द उरलेला नसतो.