बतूलचं कुलूप

"लल्ला, ते कुलूप काढा म्हणतोय ना मी!" मुख्याध्यापक सी मुफद्दल खुर्चीतून अर्धे उठले होते.

"नाही काढणार," पडद्यावरची नजर न हलवता बतूल म्हणाली.

मोरोक्कोतल्या फेस शहरातल्या आमच्या कारागीर शाळेत बतूल संगणकाची खोली सांभाळायची. आमच्याकडे मानाने बाईला 'लल्ला' आणि पुरुषाला 'सी' म्हणतात. मी शेजारी चित्रकला शिकवतो, आणि भांडण ऐकू आलं की मला वर्गात बसवत नाही. भांडण एका जुन्या यंत्रावरून होतं. मुली त्यावर फरशीच्या नक्ष्या रचायच्या, चारी बाजूंनी फिरवून बघायच्या. शाळेतल्या दुसऱ्या कुठल्या यंत्राला ते झेपत नव्हतं. पण त्यातलं ग्राफिक्स कार्ड म्हातारं, नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, त्याला ओळखच देत नव्हता. म्हणून बतूलने जुन्या ड्रायव्हरला कुलूप घातलं होतं. बाकी काहीही बदलो, याला हात लावायचा नाही. आता यंत्र ज्यावर चालतं त्या लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती चढवायची होती आणि गाडी नेमकी त्या कुलपापाशी अडली होती. वरच्या कार्यालयाचा हुकूम साफ होता. आज आवृत्ती चढली नाही, तर यंत्र भंगारात.

कार्यालयातून आलेला जुहैर म्हणाला, "कुलूप काढा आणि नवा ड्रायव्हर येऊ द्या. कशाला जीव टाकताय?"

"आणि मुलींनी काय, माझं तोंड बघत बसायचं?"

तिने कुलूप तसंच ठेवलं आणि बाकीचं सगळं हट्टाने चढवलं. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पडदा काळा ठिक्कर.

"घ्या!" जुहैर हसला. "दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी. केर्नेल नवं आलं ना, लल्ला! जुना ड्रायव्हर त्यावर बसणार कसा?"

पोरगा बरोबर बोलत होता. केर्नेल म्हणजे सगळ्या यंत्रणेचा गाभा. तोच बदलला आणि त्याला कुलूप घालायला बतूल विसरली होती. तिचा चेहरा उतरला. सी मुफद्दलनी शिपायाला हाक मारली, "उचल रे हे धूड!"

"हात लावशील तर खबरदार!" बतूल कडाडली. "माझा बाप फरश्या बसवायचा. रंग खाली, पाठ वर, एकेक तुकडा उलटा मांडायचा. भिंतीवर उभी करेपर्यंत नक्षी त्यालाही दिसायची नाही. आणि मी काळ्या पडद्याला भिऊ?"

ती न बघताच टाइप करू लागली. नाव, पासवर्ड, मग जुन्याच केर्नेलवर सुरू होण्याचा हुकूम. काहीच झालं नाही. "चुकलं," ती पुटपुटली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या खेपेला यंत्र घुरघुरलं आणि पडदा उजळला. आवृत्ती नवी, ड्रायव्हर जुना, नक्षी गरागरा फिरतेय! मी तर टाळ्याच पिटल्या. तिने लगोलग केर्नेललाही कुलूप ठोकलं.

"मानलं," जुहैर म्हणाला. "पण लल्ला, कुलपांनी सुरक्षेच्या दुरुस्त्या अडतात. नियमात बसत नाही हे. कुलपं राहिली तर मला तुमचं नाव वर कळवावं लागेल."

"कळवा की. बापाच्या नावासकट कळवा."

त्याने कळवलं. ईद झाली आणि बदलीचा हुकूम आला, गावाबाहेरच्या शाळेत, कोठाराच्या किल्ल्या सांभाळायला. निवृत्तीला आलेल्या बाईला! माझं डोकं भणभणलं. चार शिव्या मी सी मुफद्दलना तोंडावर हासडल्या.

शेवटच्या दिवशी निरोपाचा चहा निवून गेला, तरी बतूल येईना. म्हणून मी वर गेलो. मुली यंत्रापुढे रांगेत उभ्या होत्या. एकेकीने पुढे यायचं, दोन्ही कुलपं आपल्या हाताने काढायची आणि पुन्हा घालायची. जिचं चुकलं ती परत रांगेच्या टोकाला. शेवटची मुलगी उठेपर्यंत बतूल हलली नाही.

"उद्या नवा माणूस कुलपं काढेल," मी म्हणालो.

"काढू दे. या घालतील," ती म्हणाली. "आता किती जणींची बदली करतात बघू."

पदर सावरावा तशी तिने अंगातल्या लांब झग्याची, जेलाबाची टोपी डोक्यावर ओढली आणि जिना उतरू लागली. आत मुलींची जागेवरून भांडणं सुरू झाली होती.